वारलू पळाला नव्हता

बल्लारपूर
२२ एप्रिल १९९४

पुनम,

हे पत्र आठ दिवसांपूर्वीच लिहायला हवं होतं. खरं म्हणजे दोन वर्षांपूर्वीच एक लिहायला हवं होतं, पण ते वेगळं, त्याचा विषय आत्ता काढत नाही. आठ दिवसांचं सांगतो. पहिल्या दिवशी आंतरदेशीय आणलं, तर वर 'प्रिय' लिहावं की नुसतं 'पुनम', यातच ते खराब झालं. दुसऱ्या दिवशी गाडी अहेरीकडे भरली. तिसऱ्या दिवशी हेमलकशाच्या रस्त्यावर गाडीचा पाटा तुटला. तिथं झाडाखाली बसून लिहिता आलं असतं, पण त्या झाडाखाली अस्वल आलं, मोहफुलं खायला. मी आणि डायवर कॅबिनच्या काचा लावून तीन तास उकडत बसलो. असल्या वेळी माणसाला पत्र सुचत नाही. आता कोणतंही कारण उरलेलं नाही. गाडी गॅरेजला लागली आहे, वहीची दहा पानं फाडून घेतली आहेत, आणि तुला सगळं सांगितल्याशिवाय जेवायचं नाही असं ठरवलंय. जेवण तयार आहे. वास येतोय. तेव्हा भरभर लिहितो.

आजी जवळ असेल तर मोठ्याने वाचू नको. आधी एकटी वाच.

तुझा आजा पळाला नव्हता.

पुन्हा वाच. मी दारू पिऊन लिहीत नाही. वारलू मुंबईला गेला, तिथं बाई ठेवली आणि गावाकडे पाठ फिरवली, ही जी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो ती साफ खोटी. आणि ऐकत आलो म्हणजे किती! मोहटोल्यात कोणी पोट्टा घरी न सांगता गेला की 'वारलू झाला' म्हणतात. मला तर दहावीत गटांगळी खाल्ल्यापासून गाव दुसऱ्या नावानं हाक मारत नाही. रायपूरला गेलो, वारलू झाला. सर्कशीत तंबू ठोकायला गेलो, वारलू झाला. तू उन्हाळ्यात आजीबरोबर चिमूरहून मोह वेचायला यायचीस, तेव्हा तुझ्यासमोर तुझ्या सख्ख्या आजाचं नाव शिवी म्हणून मला चिकटवायचे, आणि तू टोपलीत खाली बघत फुलं निवडत राहायचीस. तू मात्र मला त्या नावानं कधी हाक मारली नाहीस. हे मी विसरलेलो नाही.

आता कसं कळलं ते. चौदा तारखेला आम्ही चंद्रपुरात अडकलो. जयंतीची मिरवणूक, चौकभर निळे झेंडे, ट्रक हलणं शक्यच नाही. गाडी थांबली ती नेमकी आगीच्या बंबांच्या ठाण्यासमोर. तिथं एका बंबाला हार घातलेला, जवान रांगेत टोप्या काढून उभे. बाहेर लेझीम आणि आत शांतता. रांगेच्या शेवटी एक म्हातारा, अंगात मळका सदरा, काखेत करवत. जवान गेले तरी हा आपला उभाच. मी उतरलो. मला उतरायला कारण लागत नाही, तुला माहीत आहे.

म्हटलं, "चाचा, तुमी बी बंबात होते काय?"

"इकडून बोल बेटा. तो कान काम नाई करत."

नाव जलालुद्दीन. चंद्रपुरातल्या लाकूड कापायच्या आरामशिनींच्या करवतींना धार लावून देतो. सत्तरी ओलांडलेली. दर वर्षी या दिवशी तिथं येऊन उभा राहतो. पन्नास वर्षांपूर्वी याच तारखेला मुंबईच्या गोदीत जहाज उडालं, आग विझवायला गेलेले कितीतरी बंबवाले मेले, त्यांच्या आठवणीचा तो दिवस. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. शाळेत सांगितलं असेल तर त्या दिवशी मी नदीवर असेन.

"कुठचा हायेस?"

"मोहटोल्याचा."

"मोहटोला? मंग वारलूच्या गावचा!"

मला राग आला ना! म्हटलं, हे नाव चंद्रपुरापर्यंत पोचलं काय! "चाचा, मी काई पळून नाई आलो. नोकरीवर हाओ. ही पाहा गाडी."

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. "तुले कोन बोललं बे? मी मेट वारलूचं बोलून राह्यलो. त्यानं नसतं काढलं बाहेर, तं मी आज तुह्यासंगं बोललो असतो काय?"

मग मिरवणूक सरली तरी मी गाडीत चढलो नाही. डायवर शिव्या देत गेला. मी चाचाच्या घरी ओट्यावर बसून सगळं ऐकलं, मध्ये चहा दोनदा झाला. सुनेने शंकरपाळे दिले, ते इतके चांगले होते की, बरं, ते राहू दे.

लढाईच्या दिवसांत आपल्याकडचं सागवान बल्लारशाहून रेल्वेने मुंबईला जायचं. मोठाली लाकडं लोळवायची, उचलायची, थप्पी लावायची, हे शहरातल्या हमालांना जमेना, म्हणून ठेकेदाराने जंगलात काम केलेले चौदा जण नेले. कोणी सिरोंच्याचा, कोणी जलालुद्दीनसारखा चांद्याचा, दोघं मोहटोल्याचे. मेट, म्हणजे टोळीचा मुकादम, तुझा आजा. तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा, तुझ्या आजीला दिवस गेलेले.

त्या दिवशी दुपारी जवळच्या धक्क्यावरच्या एका जहाजातून धूर निघू लागला. जहाजात कापसाच्या गाठी होत्या, आणि त्याच जहाजात बारूद. पण बारूद आहे हे हमालांना कोण सांगतो? लोक गंमत बघत उभे होते. मग एक बंबवाला हात हलवत ओरडत आला, की पळा. इथं पळाले असते सगळे. पण वारलू मेट होता आणि मेटाला पळता येत नाही.

तुला चिमुरात राहून हे ठाऊक नसेल. मी एक उन्हाळा वणव्याच्या गँगमध्ये काढलाय, मला ठाऊक आहे. जंगल पेटलं की धुरात कोणी कोणाला दिसत नाही. तेव्हा मेट जाळाच्या कडेला उभा राहून एकेकाचं नाव घेऊन हाक मारतो. ज्याचं नाव येईल त्याने 'होऽ' म्हणायचं आणि मगच तिथून निघायचं. सगळ्यांचा जवाब आल्याशिवाय मेट हलत नाही. जवाब नाही आला तर मेट त्याला आणायला आत जातो. आणि जवाब न देता कोणी परस्पर निसटला असेल, तर त्या माणसाला पुन्हा कोणत्याच गँगमध्ये घेत नाहीत. एवढा एकच कायदा. लिहिलेला कुठेही नाही.

वारलूने गोदीत तेच केलं. थप्पीवर चढला आणि एकेक नाव घेतलं. बारा जवाब आले. बारा जणांना फाटकाकडे पिटाळलं. जलालुद्दीनने त्याचा हात धरला, "मेट, चल."

"एकाचा जवाब नाई आला."

"अरे, तो गेला असंन!"

"जवाब नाई आला," एवढंच म्हणाला आणि मागे धुरात शिरला. जलालुद्दीन फाटकापाशी थांबला. त्याला वारलू दिसत नव्हता, नुसती हाक ऐकू येत होती, एकच नाव, पुन्हा पुन्हा. आणि गंमत अशी, चाचा 'गंमत'च म्हणाला आणि त्याचे डोळे भरले, की तो हाक मारत होता एकाला आणि आतून निघत होते भलतेच. रातपाळी करून गोदामात झोपलेले हमाल, तेलंगी, कोकणी, कुठले कुठले. धुरात त्यांना वाट दिसत नव्हती, आवाजाच्या रोखाने बाहेर येत होते. चाचाने एकोणीस मोजले. विसावा निघाला नाही. जहाज फुटलं.

चाचाला चार दिवसांनी दवाखान्यात शुद्ध आली. वारलूचं काही म्हणजे काहीही सापडलं नाही.

हे गावाला का कळलं नाही, असं तू विचारशील. घरी सांगायचं काम गावच्या माणसाने अंगावर घेतलं होतं. जलालुद्दीनला आजवर वाटत होतं की मोहटोल्यात वारलूचं नाव देवासारखं घेत असतील. मी त्याला खरं काय ते सांगितलं नाही. हिंमत झाली नाही म्हण, नाहीतर शंकरपाळे तोंडात होते म्हण.

तुझा आजा असा माणूस होता. छाती काढून चाल चिमुरात. तुझ्या बाबांना सांग. जेवायला जातो.

प्रफुल

(उत्तर द्यावंसं वाटलं तर गॅरेजच्या पत्त्यावर टाक, पाठीमागे लिहिलाय.)


आलापल्ली
९ मे १९९४

पुनम,

तुझं कार्ड पोचलं. अख्ख्या कार्डावर एकच ओळ. "ज्याचा जवाब आला नाही तो कोण होता?" नर्सबाई झाल्यापासून तू सुई टोचल्यासारखं लिहायला लागलीस. आधी पुसायचं, मग टोचायचं, एवढं तरी शिकवत असतील ना?

आलापल्लीत डेपोच्या आवारात बसून लिहितोय. ओल्या सागाचा वास मला लहानपणापासून आवडतो. एक हत्ती होता इथं म्हणतात, लाकडं ओढायला, त्याचा माहूत... नाही. मी पुन्हा भटकतोय. दोन पानं हत्तीवर लिहून फाडलीत, खोटं नाही.

तो नानाजी होता. माझा आजा.

मागच्या पत्रात मी हे मुद्दाम गाळलं. तुला तेव्हाच कळलं असणार, कारण मोहटोल्याचे दोघंच गेले होते, आणि त्यातला परत आलेला कोण, हे गावातली शेंबडी पोरंही सांगतील. गावात येऊन "वारलूने मुंबईत बाई केली" हे सांगणाराही तोच. ज्याला आणायला तुझा आजा धुरात शिरला, त्याच माणसाने त्याला पळपुटा केलं. हे वाक्य लिहायला मला सतरा दिवस लागले. आता लिहून झालं.

मी चाचाला विचारलं होतं, नानाचा जवाब का नाही आला? चाचा म्हणाला, तो दुपारीच फाटकाबाहेर गेला होता, गर्दीत ऐकू आलं नसेल. मीही तेच धरून चाललोय. गर्दी होती, गोंगाट होता, नाही आलं ऐकू. माणूस आहे.

आता ते दोन वर्षांपूर्वीचं. आपल्या लग्नाला माझ्या घरून नकार आला, एवढंच तुला कळलं. नकार नानाजीचा होता. मी तुझं नाव काढलं तर ताटावरून उठला. "पळपुट्याच्या घरची सोयरीक आपल्याले नाई पायजे." मी भांडायला हवं होतं. तुझ्याकडे येऊन सांगायला तरी हवं होतं. मी काय केलं, तर सकाळी पहिला जो ट्रक दिसला त्यात चढलो. नकार आजाचा होता, पळणं माझं होतं. त्या बाबतीत मला वारलू म्हणणाऱ्यांनी तुझ्या आजाचा अपमान केला, माझा नाही.

उद्या मोहटोल्याला जातोय. म्हाताऱ्याला समोर बसवून विचारणार आहे. घाबरत नाही. फक्त त्याचे हात आता थरथरतात, ते बघून मी ढिला पडतो. या वेळी नाही पडणार.

प्रफुल


मोहटोला
१७ मे १९९४

पुनम,

आलो तेव्हा नानाजी अंगणात बांबूच्या कमच्या काढत बसला होता. नजर वर न करता म्हणाला, "आला काय वारलू?"

"आलो. चंद्रपूरच्या जलालुद्दीननं सलाम सांगितला हाय."

कोयता थांबला.

"जित्ता हाय तो?"

"हाय. एका कानानं आयकते."

त्यावर तीन दिवस एक शब्द नाही. मी विचारायचो, तो उठून गोठ्यात जायचा. जेवायचा नाही. मी घराचं छप्पर शाकारलं, विहिरीचा रहाट दुरुस्त केला, रेडिओ उघडला तो मात्र बिघडवला. चौथ्या दिवशी दुपारी बैल पाण्यावर नेले तेव्हा तळ्याच्या पाळीवर तो आपणहून बोलायला लागला. मी त्याचे शब्द जसेच्या तसे लिहितो. यात माझी कारागिरी नाही.

"सकाऊन त्यानं माही बिडी हिसकली अन् पायाखाली चिरडली. चारचौघात. जाळाचं काम करते अन् लाकडावर बसून बिडी पेते, लेकरू हायेस काय, म्हणे. समदे हासले. मी एकोणीस वर्साचा पोट्टा. माह्या डोक्यात राख गेली. दुपारी कोनाले न सांगता फाटकाबाहेर जाऊन बसलो. भिंतीवर. मंग हाक आली."

एक बैल पाण्यात उतरला.

"आयकू आली मले. नानाऽऽ म्हणून. तुह्या त्या चाच्याले म्हणा, आयकू आली. मी म्हणलो, बोंबलू दे. बिडीवर पाय देते नं, आता बोंबल म्हणा. तीनदा वरडला. मी बिडी पेटवली. चवथी हाक थोडी दुरून आली. पाचवी आनखी दुरून. तवा माह्या ध्यानात आलं, हा बाहेर नाई येऊन राह्यला, हा आत चालला. मी उठलो. होऽ म्हणाले तोंड उघडलं."

तेवढ्यातच जहाज फुटलं होतं. बैल पाणी पिऊन आपापले घराकडे निघून गेले, ते आम्हाला दिसले नाहीत.

पुनम, मी याच्यावर हात उगारायचा असं ठरवून आलो होतो. खोटं बोलत नाही. पण सत्तर वर्षांचा माणूस तळ्याच्या पाळीवर एकोणीस वर्षांच्या पोरासारखा बसला होता.

नंतर विचारलं, मरण कळवायचं सोडून बाई कुठून काढली?

"गावात आलो तं त्याची माय पळत आली. म्हणे, माहा वारलू जित्ता हाय नं? मी हाय म्हणलो. तिचं तोंड पाहून मले नाई म्हणता आलं नाई. अन् नाई म्हणलं असतं तं पुढचं बी सांगा लागते, कसा मेला, कोनासाठी मेला. एकडाव जित्ता म्हणलं, मंग जित्ता माणूस घरी काऊन येत नाई त्याले कारण पायजे. ते भेटलं तसं सांगितलं. लोकायनं मंग माह्यापेक्षा मोठं केलं."

हे ऐकून तुला काय वाटेल ते वाटू दे. मला वाटलं ते मी तुझ्या आजीचं नाव घेऊन त्याला तोंडावर बोललो. म्हटलं, "भागीरथाबाई अठरा वर्साच्या होत्या. त्यायले दोनदा दुसऱ्या लग्नाचं, पाटाचं मागणं आलं. नवरा जित्ता हाय म्हणून त्या नाई म्हणल्या. तुमी एका मेलेल्या माणसाले जित्तं ठेवलं अन् एका जित्त्या बाईले..." पुढे मला शब्द सापडला नाही. गुरुजी म्हणायचे, प्रफुल, तुझं वाक्य कधी पूर्ण होत नाही.

त्यावर त्याने जे उत्तर दिलं, त्याच्यासाठी हे पत्र लिहितोय.

"अन् आता जाऊन सांगू? पन्नास वर्सं कुकू लावून राह्यली ती. वाईट नवऱ्याचं का असेना, कुकू हाय. मी जाऊन काय म्हणू, बाई, ते पुसून टाका? तुह्या खऱ्यासाठी तिचं कपाळ उघडं करू?"

मी दोन दिवस यावर विचार केला. मी एका गोष्टीवर दोन दिवस विचार केला हे वाचून तू हसशील. पण मला वाटतं म्हातारा तिचं कपाळ नाही, स्वतःचं तोंड लपवतोय. सोयरीकही त्याने त्याचसाठी मोडली. शेवटी स्वतःच बोलून गेला, "भागीरथा इहीण म्हणून या अंगणात बसली असती, अन् तिच्यासमोर मी घास कसा गिळला असता?" म्हणजे रक्त वाईट तुमचं नव्हतं.

तरी कपाळ तुझ्या आजीचं आहे, माझं नाही. मला एवढंच कळतं, की माझा नवरा मला टाकून गेला, असं समजून ती जगली. तुझे बाबा शाळेत 'तुझा बाप कुठं' म्हणून रोज मार खाऊन जगले. खरं कळल्यावर कुंकू जाईल, पण टाकलेपणही जाईल. यातलं तिला काय हवं, हे ठरवणारा नानाजी कोण, आणि मी तरी कोण? माझं मत विचारशील तर तीनही पत्रं तिला वाचून दाखव. गाळू नको काही. बिडीसकट वाच.

मी गाडीवरचं काम सोडलंय. हे मिटेपर्यंत इथून हलत नाही. नानाजी म्हणतो, मीच चिमूरला येऊन तिच्यासमोर बोलतो. बघू.

प्रफुल


मोहटोला
२ जून १९९४

पुनम,

सोळा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. पोस्टमन लालसू आता मला लांबूनच मान हलवून दाखवतो.

नानाजीचं चिमूरला जाणं रोज उद्यावर. एकदा बैलाचा पाय. एकदा ऊन फार. एकदा म्हणे बुधवारी निघू नये. मी म्हटलं, मंगळवारी निघायचं ठरलं तेव्हा मंगळवारी निघू नये म्हणाला होता. शेवटी मीच कंटाळून गावात बोललो. आठवडी बाजाराच्या दिवशी, पारावर, दहा जण होते. उभं राहून सगळं सांगितलं. भाषण मला जमतं, दहावीत तेवढंच जमायचं.

आधी कोणी विश्वास ठेवला नाही. "अबे, तू सर्कशीतला, काईबी सांगशीन." मग बायनाबाईने, ती आता ऐंशीची असेल, वारलूच्या शेजारचं घर तिचं, तिने मला पुढे बोलावून बिडीचं पुन्हा सांगायला लावलं. ऐकलं आणि म्हणाली, "हे खरं हाय. वारलू बिडीवरून माह्या नवऱ्याच्या बी मांग लागे." झालं. बायनाबाई म्हणाली म्हणजे कोर्टाचा शिक्का. मग डोक्याला हात लावून तिथंच बसली, "अन् मी माह्या पोट्ट्यायले आयुष्यभर त्याच्या नावानं शिव्या घातल्या वो माय."

मला वाटलं होतं आता गाव नानाजीला मारायला उठेल. कोणी उठलं नाही. वणव्याच्या गँगमधले चार म्हातारे रोज संध्याकाळी आमच्या अंगणात बिडी ओढायला येतात, ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी नानाजीने चार बाजा अंगणात टाकल्या, अंधार पडेपर्यंत वाट पाहिली, आणि उचलून आत ठेवल्या. जवाब न देता गेलेल्या माणसाला गँगमध्ये घेत नाहीत, म्हटलं होतं ना. पन्नास वर्षं उशिरा का होईना, काढलं त्याला.

मी त्याच्याबरोबर जेवतो. मला कोणी विचारलं, कसा जेवतोस रे? म्हटलं, त्याला एकट्याला जेवण जात नाही, आणि मला भूक लागते. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. तुला हे पटणार नसेल तर तसं कळव. मी बदलणार नाही, पण कळव.

आज सकाळी मात्र आक्रीत घडलं. मी उठायच्या आत म्हाताऱ्याने अंघोळ केली, पांढरं धोतर काढलं, डोक्याला पटका बांधला. मी डोळे चोळत बसलो तर म्हणे, "चिमूरले जाची गाडी किती वाजता?"

"गडचिरोलीची साडेधाला. तिथून बदला लागते."

"मंग ऊठ नं. पसरला काऊन हायेस?"

म्हणजे हे पत्र तुला मिळायच्या आत आम्हीच पोचू असं दिसतं. तरी लिहितोय. तोंडाने बोलताना मी इकडेतिकडे जातो. कागदावर निदान खोडता येतं.

तू दार उघडशील तेव्हा मी मागे असेन. म्हातारा पुढे. त्याला पाणी विचार एवढंच. मला नाही विचारलंस तरी चालेल. दोन वर्षांपूर्वीचं जे पत्र राहिलं, त्यात काय लिहायचं होतं ते मी तिथं उभा राहून सांगेन. एक वाक्य आहे. पूर्ण करून आलोय.


फाट्यावर, सव्वादहा

गाडी यायची आहे. नानाजी मैलाच्या दगडावर बसलाय आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणून बघतोय. ऐकायला गेलो तर गप्प होतो. "भागीरथाबाई" इतकंच ऐकू आलं. त्याच्यापुढे जात नाही.

समोरून एक गाडी येतेय, पण ती गडचिरोलीकडून. आपली नाही. थांबली.

पुनम, तुझी आजी उतरली.

एकटी. हातात पिशवी, पायात चपला, कपाळावर तेच रुपयाएवढं कुंकू. गाडी गेली, धूळ बसली, आणि ती रस्त्याच्या पलीकडे उभी. नानाजी उठून उभा राहिला. मी धावत गेलो, पिशवी घेतली.

"कोनाले लिहून राह्यला बे?"

"पुनमले, आजी."

"मंग लिही, मी इथी हाओ म्हणा. घरी सांगून नाई आली मी. पोट्टी दवाखान्यात गेली अन् मी निघाली. तिचा बाप शोधत बसंन, त्याले सांगा म्हणा." मग चालता चालता, "तीन वेळा वाचाले लावलं मी तिले. पोट्टी म्हणे, आजी, दोन दिवस थांब, मी येते संगं. मी कायले थांबू?"

नानाजीने हात जोडले. बोलायला लागला, "भागीरथाबाई, तुमचं कुकू..."

"ते माह्या कपाळावर हाय नं? मंग माह्यावर सोड. ठेवीन नाईतं पुशीन, मी पाहीन." ती त्या मैलाच्या दगडावर बसली, आणि बाजूच्या मातीवर हात ठेवून त्याला बस म्हणाली. तो खाली बसला, लहान पोरासारखा.

"आता सांग," ती म्हणाली. "कागदातलं नोको सांगू, ते मी आयकलं. तो वरडला कसा, ते वरडून दाखव. मले त्याचा आवाज आठवत नाई."

लालसू सायकलवरून इकडेच येतोय, त्याच्याजवळ हे पत्र देतो. आमची गाडी आली होती. मी तिला हाताने पुढे जायला सांगितलं.

प्रफुल